वन्सं नदीतून बाहेर येईनात

वन्सं, परवा नाना आले होते, तुम्हाला न्यायला.

अंगणात पाऊल टाकलं, पेरूच्या झाडाला टांगलेल्या कलशाकडे बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "दुपारच्या गाडीनं निघतो. ठकीला घेऊन जातो." तुम्हाला जाऊन अजून आठवडा झाला नाही आणि तुमचे थोरले बंधू पुन्हा तुमचा ताबा मागायला हजर! हसावं की रडावं तेच मला कळेना. चहाचा कप पुढे केला आणि म्हटलं, "भाऊजी, वन्सं इथेच राहतील. वांगणीला नदीत सोडू आम्ही त्यांना."

मग काय विचारता! "आमच्या नाशकात दारात गंगा वाहते. कुठकुठून लोक अस्थी घेऊन येतात. आणि माझ्या सख्ख्या बहिणीला तुम्ही वांगणीच्या ओढ्यात टाकणार?" ओढा म्हणाले हो उल्हास नदीला! तुम्ही असतात तर चांगलं सुनावलं असतंत. पण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो मात्र माझ्या वर्मी लागला. म्हणाले, "आणि हे ठरवणारी तू कोण?"

खरंच, कोण मी? धाकट्या भावाची बायको. हे तर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. घरात दोन माणसं भांडायला लागली की यांना जगाच्या राजकारणाची काळजी लागते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मी एकटीच उभी, आणि माझ्या बाजूनं बोलायला तुम्ही नाही. वांगणीच्या त्या दोन दिवसांच्या भरवशावर मी नाही म्हटलं होतं, वन्सं. ते चुकलं नाही ना, एवढंच तुम्हाला विचारायला बसले आहे.

तुमची पाळी ठरलेली होती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की तुम्ही नानांकडे नाशिकला, आणि अक्षय्यतृतीयेला परत आमच्याकडे अंबरनाथला. भावांनी वाटणी केली होती तुमची, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या बहिणीला दोघा भावांनी सांभाळलं म्हणून लोक उलट कौतुकच करायचे. कोण कोणाला सांभाळत होतं ते स्वयंपाकघरात आल्याशिवाय कसं कळणार? नानांच्या घरची सगळी बाळंतपणं तुमच्या हातची. आमची कुसुम तुमच्याच मांडीवर मोठी झाली. आणि तुम्हाला कधी कोणी विचारलं नाही की बाई, तुला कुठे राहायचंय. तुम्हीही कधी बोलला नाहीत. मागितलंत ते फक्त कामच मागितलंत.

मला तुम्ही हव्या होतात. परवा नाना म्हणाले, "तुला फुकटची मदत हवी होती." म्हणू देत. तुमची मदत म्हणजे काय होती ते मला ठाऊक आहे. मी घासलेली भांडी तुम्ही पुन्हा घासायच्या. मी चिरलेली भाजी बघून "ही काय बैलाला घालायची आहे?" म्हणायच्या. आमटीत आधी चिंच घालायची की आधी गूळ, यावरून आपण जे भांडायचो, त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही, आणि मी सांगते, आधी चिंचच. पण तुम्ही नाशिकला गेलात की घरात सहा महिने कोणी मला वाकडं बोलायचं नाही आणि मला अन्न गोड लागायचं नाही. आता हे कोणाला सांगायचं? नणंद-भावजयीचं गूळपीठ असतं असं कोणी मानायलाच तयार नसतं.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, नाना रविवारी न्यायला येतो म्हणाले आणि मी हटून बसले की जाण्याआधी वन्संनी दोन दिवस विसावा घ्यायचा. जागा दिली आपल्या सिंधी दयालदासनं. निर्वासितांच्या कँप दोनमधल्या त्याच्या दुकानात तुम्ही वार-वारभर कापडासाठी घासाघीस करायच्या, तुम्ही मराठीत आणि तो त्याच्या हिंदीत, आणि शेवटी तोच हात जोडायचा. "अदी, तुम तो मेरे को फिरसे निर्वासित करोगी," म्हणायचा. अदी म्हणजे सिंधीत थोरली बहीण. वांगणीला नदीकाठी एक जुनी कॉटेज त्याच्या हाती आली होती. घाटातून रेल्वे नेली तेव्हा कोणा इंजिनीयर साहेबानं बांधलेली, दगडी भिंतींची, कौलारू, तिन्ही बाजूंनी व्हरांडा. दयालदासला तिथे लोणच्याचा कारखाना काढायचा होता. तोवर रिकामीच होती. किल्ली हातावर ठेवून म्हणाला, "जाओ अदी, दो दिन हवा खाओ. अपना ही मकान समझो."

"हवा काय अंबरनाथला नाही?" तुम्ही विचारलंत. "लग्न नाही, बारसं नाही, कोणाचं आजारपण नाही. मग परक्याच्या घरी जाऊन राहायचं ते कशाला?"

"नुसतं बसायला."

"नुसतं बसायला!" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी नुसतं नाचायला म्हटलं होतं.

आलात मात्र. कुसुमनं पदर सोडला नाही म्हणून आलात. आणि काय काय घेऊन! दोन दिवसांसाठी विळी, परात, चाळणी, मेतकुटाचा डबा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि झाडू. वांगणी स्टेशनावर उतरलो तेव्हा बैलगाडीवाल्यानं विचारलं, "बिऱ्हाड बदललं का काय?" हे शनिवारचा अर्धा दिवस भरून आपल्यामागून यायचे होते, पण कारखान्यात अडकले आणि रविवारीच उगवले. बरंच झालं. तुमच्या भावासमोर तुम्ही मोकळ्या झाल्या नसतात.

दार उघडलं आणि तुम्ही पदर खोचलात. मी ओरडत राहिले, "वन्सं, बसा हो जरा," आणि तुम्ही साहेबाच्या फरशीवरची वर्षानुवर्षांची धूळ काढत होता. तिथे राखण करायला हिरू म्हणून बाई होती, तीही बिचारी ओशाळली. "बाय, तू बस ना. आमाला करूं दे," म्हणाली. तिलाच तुम्ही पाणी आणायला पिटाळलंत. अंगण सारवून घेतलंत, रांगोळी घातलीत. व्हरांड्यात लांब हातांची एक वेताची आरामखुर्ची होती, साहेब तीत पाय पसरून पडत असणार. तिच्यावर तुम्ही धुतलेली परात वाळत घातलीत.

मग तुम्हाला ती चूल दिसली.

अजून हसू येतं हो! दिवाणखान्याच्या भिंतीत ऐसपैस दगडी कोनाडा, वर धुराडं, खाली लोखंडी जाळी. साहेबाला विलायतेची आठवण येत असावी, नाहीतर वांगणीच्या घामात शेकोटी कोणाला हवी? पण शेकोटी हे तुमच्या डोक्यातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात, उंची बघितलीत आणि खूश झालात. "बघ, एवढा साहेब, पण खाली बसून स्वयंपाक करायचा. ओटा नाही, बिटा नाही. शहाणा होता मेला." मग जरा विचार करून म्हणालात, "स्वयंपाकघर एवढं दर्शनी का केलं कोण जाणे. येणाऱ्याजाणाऱ्याची आमटीवर नजर पडायची."

लाकडं रचलीत, पातेलं चढवलंत, फुंकणी मारलीत. पावसाचं पाणी आत येतं म्हणून वरून धुराडं कौलं ठोकून बुजवलेलं होतं, हे आपल्याला कोण सांगणार? सगळा धूर खोलीत. मी खोकते आहे, कुसुम रडते आहे, आणि तुम्ही काही हटायला तयार नाही. "लाकडं ओली आहेत, आत्ता पेटतील," म्हणत आणखी फुंकताय! शेवटी हिरू आली आणि दंडाला धरून तुम्हाला बाहेर काढलं. बाहेर आलात त्याही भाताचं पातेलं पदरात धरून. तोंड असं काळं झालेलं की नुसते दात दिसत होते. आपण एकमेकींकडे बघितलं आणि तुम्हाला हसू फुटलं, वन्सं. मी या घरात आल्यापासून तुम्हाला एवढं खदखदून हसताना बघितलं नव्हतं. व्हरांड्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होता.

हिरूनं सगळी दारं उघडली आणि सांगितलं, "सांजपरत नाय जायाचा ह्यो धूर." आता आत जायची सोय नाही, काम म्हणून काही उरलं नाही. म्हणून आपण तोंड धुवायला नदीवर गेलो. एवढंच. कसला बेत नाही, काही नाही.

नदी तिथे वळते आणि वळणावर डोह आहे. पावसाचा गढूळपणा जाऊन पाणी निवळलं होतं, तळाचे गोटे दिसत होते. तुम्ही तोंड धुतलंत, हात धुतलेत. मग घोट्याएवढ्या पाण्यात गेलात. मग गुडघ्याएवढ्या. मला वाटलं लुगड्याची राख धुताय. मी कुसुमचं तोंड पुसत होते. वर बघितलं तर तुम्ही नाही!

मी जी बोंब ठोकली ती बदलापूरपर्यंत ऐकू गेली असेल. "वन्सं! अहो वन्सं! हिरू, धाव गं, बुडाल्या गं!" पोहता मला येत नाही, आणि डोहाच्या पार मध्यावर तुमचं डोकं वर आलं. केस सुटलेले, तोंडावरून पाणी निथळतंय.

"ओरडतेस कशाला?" तिथून म्हणालात. "पाणी आहे, वाघ नाही."

कासोटा घट्ट मारून तुम्ही हात मारत चालला होता. पलीकडच्या काठाला हात लावलात, वळलात, उताण्या झालात आणि पाण्यावर नुसत्या पडून राहिलात. आभाळाकडे तोंड, हात पसरलेले. माझी बापडी नणंद, जिला दोन घटका बस म्हटलं तर काटा टोचायचा, ती नदीच्या पाठीवर निवांत पडली होती. मी दगडावर बसून बघत राहिले. नंतर सांगितलंत की माहेर कृष्णाकाठचं, चालायच्या आधी पोहायला शिकलात. लग्न झालं आणि ते सुटलं. "नाशकात नदी आहे की जवळ," मी म्हटलं. तर म्हणालात, "तिथे साखळीला धरून तीन बुडक्या मारायच्या, पुण्य घ्यायचं आणि ओल्या लुगड्यानं घरी यायचं. तिथे पोहायला लागले तर लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं."

"आणि इथे?"

"इथे मला तू आधीच वेडी म्हणतेस."

त्या दुपारी धुरकट वासाचा, अर्धाकच्चा भात आणि मेतकूट आपण तिघींनी व्हरांड्यात एकत्र बसून खाल्लं. तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. मग परात खाली ठेवून साहेबाच्या आरामखुर्चीत बसलात, ओले केस मागे सोडून, आणि झोपलात. दिवसा! घोरत होता हो, मी साक्षीला आहे. तुमच्या मते दिवसा झोपणं हा आजार होता. मी कुसुमला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं आणि भांडी मी घासली. ती तुम्ही पुन्हा घासली नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की उद्या नाना तुम्हाला घेऊन जातील. अशा तुम्हाला त्यांच्याबरोबर धाडायचं माझ्या जिवावर आलं.

रविवारी उजाडल्याबरोबर तुम्ही पुन्हा पाण्यात. कोणी सांगावं लागलं नाही. आणि नाना आले ते तुम्ही डोहात असतानाच. अंबरनाथला घरी आपण नाही म्हणून हे त्यांना घेऊन थेट वांगणीला आले होते. बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी, काखोटीला छत्री, आणि काठावर उभं राहून तोंड उघडं.

"ठके! अगं काय हे? बाहेर ये आधी!"

"थांब रे नाना, आत्ताच आलेय."

"लोक काय म्हणतील!"

"कुठले लोक? इथे एक म्हैस आहे. ती काही म्हणत नाही."

हे तोंड फिरवून हसले. कोटाच्या खिशातलं घड्याळ काढून नाना म्हणाले, "संध्याकाळी कल्याणहून गाडी आहे. सुनेचे दिवस भरत आलेत. घरात अडलंय सगळं."

तुम्ही काठाजवळ आलात. गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिलात, आणि मला वाटलं, झालं, निघाल्या. मी पंचासुद्धा उचलला तुमच्यासाठी. आणि तुम्ही म्हणालात, "मी येत नाही, नाना."

ती म्हैस तेवढी फुसकारली.

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडे राहायला येत नाही. सुनेच्या बाळंतपणाला येईन. सव्वा महिना राहीन, डिंकाचे लाडू करीन, बाळाला न्हाऊ घालीन. मग परत येईन."

"परत कुठे? या नदीत?"

"नदीत कशाला? हिच्या घरी." आणि तुम्ही पाण्यातून हात वर काढून माझ्याकडे बोट केलंत. "तुझी बायको माझ्याशी गोड बोलते रे नाना. पाहुणीशी बोलावं तसं. ही भांडते. मला हिच्याशी भांडायला बरं वाटतं. मला तिथेच राहायचंय."

मला राहायचंय. जन्मात पहिल्यांदा तुमच्या तोंडून असं काही ऐकलं. नाना हटले नाहीत. समजावून झालं, रागावून झालं, आईची शपथ घालून झाली. तुम्हीही हटला नाहीत, आणि नाना हो म्हणेस्तोवर पाण्याबाहेर आला नाहीत. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, पण पाय काही निघेना. शेवटी नाना म्हणाले, "बरं बाई, राहा! पण न्यूमोनिया नको!" तेव्हा बाहेर आलात.

एक गोष्ट तुम्हाला मी कधी सांगितली नाही. तुम्ही "हिच्या घरी" म्हणालात ना, तोवर दहा वर्षं मी त्या घराला यांचं घर म्हणत होते. सासरचं घर, तुमच्या भावाचं घर. माझं घर आहे हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, तेही नदीतून. मला गळ्यात पडून रडावंसं वाटलं होतं. पण तुम्ही बाहेर येऊन पहिलं काय म्हणालात? "पंचा दे, नुसती बघतेस काय!" मग राहूनच गेलं. पुढे चार वर्षं आपण चिंच-गुळावरून भांडलो आणि ते राहिलं ते राहिलंच. आज सांगते. तुमचे फार फार उपकार आहेत, वन्सं.

तर परवा नानांनी विचारलं, तू कोण. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "भाऊजी, मी कोणी नाही. पण तेव्हा काठावर तुम्हीही होतात. त्यांनी काय सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत."

चहा निवून गेला. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. "नाना, ताईला तिथलंच पाणी आवडायचं," एवढं बोलले. मग नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "लहानपणी मी डोहात बुडत होतो. ठकीनं शेंडी धरून मला बाहेर ओढला. माझ्याहून चार वर्षांनी लहान पोर. त्या दिवसापासून मी पाण्यात पाय टाकला नाही. गंगेवरसुद्धा लोटीनं अंघोळ करतो. ती जवळ असली की मला बरं वाटायचं गं, दुसरं काही नाही. ते कधी नीट बोलता आलं नाही, म्हणून सुनेची बाळंतपणं सांगत बसलो."

एवढी वर्षं मी त्यांना कोरडा माणूस समजत होते. तुम्हाला माहीत असणार सगळं, पण तुम्ही तरी कधी सांगितलंत?

आज सकाळी आम्ही तिघं वांगणीला गेलो. उन्हाळा लागत आलाय, पण डोहात पाणी आहे. हे कलश घेऊन पाण्यात उतरणार होते. नानांनी तो यांच्या हातातून घेतला. कोट काढून माझ्याकडे दिला, धोतर खोचलं आणि उतरले. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं. हे मागून दंड धरून होते. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून नानांनी तुम्हाला सोडलं. फुलं गोल फिरली आणि वळणाकडे निघाली.

हे म्हणाले, "चला नाना, बाहेर."

नाना हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तसेच ते हसायला लागले, मोठमोठ्यानं. "उतरवलंन रे शेवटी मला," म्हणाले. "उतरवलंन पोरीनं!"

आणि मग काही केल्या बाहेरच येईनात.